पाच लाखांचे कार्ड आणि औषध दुकानातली उधारी: सोलापूरहून राज्य आरोग्य हमी सोसायटीस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई.

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी, सोलापूर; मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका.

विषय: अल्प उत्पन्न कुटुंबांना आरोग्य विम्याचे प्रत्यक्षात उपलब्ध असलेले पर्याय आणि त्यातील उणिवा.

महोदय/महोदया,

आपली सोसायटी चालवते ती, रुग्णालयात दाखल झालेल्यांवर मोफत उपचार करणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली. कुटुंबामागची उपचार खर्चाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा साडेचार लाख झाली आणि उपचारांची यादी 1,356 वर पोहोचली. 2025 मध्ये ही यादी 2,399 उपचारांपर्यंत नेण्याचा निर्णयही झाला. या सुधारणांचे मोल मी जाणतो आणि त्या मागे घ्याव्यात असे म्हणण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात राहून, निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या कुटुंबांचे शिधापत्रिकेचे, आधारचे आणि रुग्णालयाचे कागद करून देताना जे दिसते ते आपल्यापर्यंत पोहोचवावे, एवढाच हेतू आहे. जे दिसते ते थोडक्यात असे की योजनेची रक्कम वाढली, यादी वाढली, पात्रता वाढली. पण ज्या खर्चाने आमच्याकडची घरे कर्जात जातात तो खर्च 2012 साली योजनेच्या जसा बाहेर होता तसाच आजही बाहेर आहे.

2012 चा उल्लेख मुद्दाम केला. हीच योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यात सोलापूर होते. उरलेल्या महाराष्ट्राला तिच्यासाठी पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. त्यामुळे या योजनेचा अनुभव आमच्या शहराइतका जुना फार थोड्या ठिकाणी असेल. तिचे नाव 2017 मध्ये बदलले, 1 एप्रिल 2020 पासून तिची केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घातली गेली, आणि आता ती सर्वांसाठी खुली झाली. हृदयाची झडप बदललेली, डायलिसिसवर वर्षे काढलेली, बार्शीला जाऊन कर्करोगाचे उपचार घेऊन आलेली माणसे आमच्या गल्लोगल्ली आहेत, आणि योजना नसती तर त्यांतली कित्येक आज नसती, हे कोणीही नाकारणार नाही.

तरीही हा अनुभव ज्या कुटुंबांचा आहे, ती कशी जगतात हे आधी सांगायला हवे. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास, कुंभारीच्या विडी घरकुलांत आणि रे नगरात राहणाऱ्या घरांत साधारणपणे पुरुष यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, बाई घरी विड्या वळणारी आणि मुलगी किंवा सून शिलाईच्या कामावर, असा संसार असतो. उत्पन्न आठवड्याला येते आणि आठवड्यातच संपते. माग बंद राहिला किंवा विडीचा पत्ता, म्हणजे पान, कमी मिळाला की त्या आठवड्याचे गणित बिघडते. कापसाची फुंज आणि तंबाखूची धूळ यांत आयुष्य गेलेल्या माणसांना श्वासाचे विकार जडतात, विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठी आणि माना कामातून जातात, आणि चाळिशीनंतर साखर व रक्तदाब यांची भर पडते. यांपैकी बहुतेक दुखणी अशी आहेत की त्यांत माणूस रुग्णालयात दाखल होत नाही. तो वर्षानुवर्षे गोळ्या खात काम करीत राहतो.

आपल्या योजनेची सगळी रचना मात्र खाटेभोवती आहे. रुग्ण दाखल झाला, त्याचा आजार यादीतल्या एखाद्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या दराच्या उपचारात, बसला, रुग्णालयाने पूर्वमान्यता मागितली आणि ती मिळाली, की खाट, शुश्रूषा, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी परतण्याचे भाडेसुद्धा योजनेत येते. माणूस दाखल झाला नाही तर त्याच्यासाठी योजनेत काहीच नाही. एका शेजारणीच्या घरचा हिशेब मी तिच्यासमोर बसून मांडला. तिच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, नवऱ्याचा श्वासाचा पंप आणि त्याच्या गोळ्या, असे मिळून औषधाच्या दुकानात महिन्याला अठराशे रुपये जातात. वर्षाचे 21,600 झाले. तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांत धरलेली नाही. हे पैसे एकदम द्यावे लागत नाहीत म्हणून त्यांना कोणी संकट म्हणत नाही. दुकानदाराच्या वहीत नाव असते, आठवड्याचा पगार झाला की थोडे फेडायचे आणि पुन्हा उधारीवर घ्यायचे. उधारी फार वाढली की पहिला बळी गोळ्यांचाच जातो: सकाळ-संध्याकाळची गोळी फक्त सकाळी घेतली जाते, मग एक दिवसाआड. काही वर्षांनी त्याच घरातून कोणीतरी पक्षाघाताने किंवा निकामी मूत्रपिंडाने रुग्णालयात दाखल होते, आणि तेव्हा मात्र आपली योजना लाखो रुपये मोजायला तयार असते. शासनाला यात काय स्वस्त पडते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे आणि विमा योजनांकडे बोट दाखवून तिचे श्रेय घेतले जाते. परंतु उरलेला भाग कोणाच्या खिशातून आणि कशावर जातो हे पाहिले तर औषधे आणि बाह्यरुग्ण, म्हणजे दाखल न होता घेतलेले, उपचार हेच समोर येतात. बाह्यरुग्ण खर्च विम्यात घेणे अव्यवहार्य आहे, असा एक ठराविक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो सोलापुरात तरी कोणी करू नये. 2005-06 च्या सुमारास केंद्राने हातमाग विणकरांसाठी आरोग्य विमा आणला होता. त्यात कुटुंबाची वार्षिक मर्यादा अवघी 15,000 रुपये होती, पण त्यातले 7,500 रुपये बाह्यरुग्ण उपचारांसाठी धरलेले होते. ती योजना पुढे बंद झाली, आणि तिच्यात यंत्रमाग कामगार कधी नव्हतेच. मात्र पंधरा हजारांत निम्मे बाह्यरुग्ण उपचारांना देता येत होते, तर पाच लाखांतले पाच-सहा हजार त्यासाठी बाजूला काढणे अशक्य आहे, हे मला पटत नाही.

आता योजनेच्या दारापर्यंत पोहोचण्याविषयी. पात्रता सर्वांना खुली झाल्यावर कागदांचा जाच संपेल अशी आशा होती, पण तो फक्त एका खिडकीवरून दुसरीकडे सरकला. पूर्वी प्रश्न असे की कार्ड पिवळे आहे, केशरी आहे की पांढरे, आणि 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेच्या यादीत नाव आहे की नाही. आता शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक, आधार आणि दोन्हींवरचे नाव जुळणे, यावर सगळे अडते. पूर्व भागातली बरीच कुटुंबे तेलुगू बोलणारी आहेत. घराण्याचे नाव मराठीत कसे लिहायचे हे प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे ठरवले आहे. एकाच घरात शिधापत्रिकेवर बोल्ली, आधारवर बोली आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बोल्ले असे प्रकार सर्रास आढळतात. बाईचे माहेरचे नाव आधारवर आणि सासरचे शिधापत्रिकेवर, ही तर जवळजवळ रीतच आहे. संगणकाला यातून माणूस ओळखता येत नाही, ई-केवायसी, म्हणजे संगणकावरची ओळखीची पडताळणी, होत नाही, आणि हे बहुधा तेव्हाच लक्षात येते जेव्हा रुग्ण दारात झोपलेला असतो. मग मुलगा शिधापत्रिकेच्या परिमंडळ कार्यालयात जातो, तिथून त्याला आधार केंद्रावर पाठवतात, आधारची दुरुस्ती व्हायला दिवस लागतात, आणि दरम्यान रुग्णालय डिपॉझिट मागते. तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे. ती सोय रुग्णाच्या नातेवाईकाला आपणहून कोणी सांगताना मी अजून पाहिलेले नाही.

वयाचाही असाच घोळ आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचे संरक्षण मिळू लागले. माझ्या मते अलीकडच्या सर्व सुधारणांत हीच सर्वांत सरळ आहे, कारण तिला आधारशिवाय काही लागत नाही. पण विड्या वळण्यात जन्म गेलेल्या म्हातारीकडे जन्माचा दाखला नसतो. आधार काढताना समोर बसलेल्या मुलाने अंदाजाने वर्ष टाकले आणि तारीख 1 जानेवारी झाली. गिरणीच्या संपाच्या, अमक्याच्या लग्नाच्या हिशेबाने पंचाहत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बायका आधारवर अजून पासष्टीत आहेत, आणि त्या कार्डावर त्या तरुण असेपर्यंत हे संरक्षण त्यांना मिळणार नाही. आमच्या आळीत जानेवारीच्या एकाच दिवशी इतक्या आजीबाईंचा वाढदिवस येतो की गड्ड्याच्या यात्रेआधीच यात्रा भरावी.

कागद जुळले तरी पुढे रुग्णालय आहे. इथे एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो अपवाद नाही. शहरातल्या एका अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, खासगी रुग्णालयात आमच्या गल्लीतला एक माग कामगार छातीत दुखू लागल्याने नेला गेला. कार्ड होते, नावे जुळत होती. स्वागतकक्षात सांगितले गेले की योजनेच्या खाटा भरल्या आहेत, हवे तर रोख भरून दाखल करा, खाट रिकामी झाली की योजनेत घेऊ. रुग्णांच्या मदतीसाठी योजनेने नेमलेल्या आरोग्यमित्राचे टेबल त्या कक्षात होते, पण जिन्याखाली, वजनकाट्याच्या मागे. फलक होता, त्याच्यासमोर औषधांची खोकी रचलेली होती. आरोग्यमित्र जेवायला गेला होता. तो आल्यावर त्याने नम्रपणे सांगितले की खाटा किती रिकाम्या आहेत हे त्यालाही रुग्णालयच सांगते. रात्रभरात वीस हजार भरले गेले. त्यासाठी घरातले मंगळसूत्र पतसंस्थेत गहाण पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो योजनेत घेतला गेला आणि अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. वीस हजारांपैकी तपासण्यांचे आणि आदल्या रात्रीच्या अतिदक्षता विभागाचे म्हणून निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. मिळालेल्या पावतीवर ‘योजनापूर्व’ असा शिक्का होता. त्या घराला तक्रार करायची नव्हती. उपचार झाला, माणूस वाचला, आता डॉक्टरांशी वाकडे कशाला, असे त्यांचे म्हणणे. 155388 हा योजनेचा मदत क्रमांक भिंतीवर होता, पण ज्याच्या हातात आपला माणूस आहे त्याच्याविरुद्ध क्रमांक फिरवण्याचे धाडस फार थोड्यांना होते.

रुग्णालयांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. पॅकेजचे दर बाजारातल्या दरांपेक्षा कमी आहेत, देयके उशिरा मिळतात, आणि एखादा कागद कमी पडला म्हणून दावा नाकारला गेला तर नुकसान रुग्णालयाचे होते. विमा कंपनीमार्फत पैसे द्यायचे की सोसायटीने थेट हमी द्यायची, यावर शासनात पुष्कळ खल होतो. रुग्णाला त्यातला फरक दिसत नाही, पण देयक वेळेवर मिळते की नाही याचे पडसाद मात्र थेट त्या स्वागतकक्षात उमटतात. यात 2024 च्या सुधारणेने एक नवी अडचण आणली आहे, ज्याची चर्चा होताना दिसत नाही. पांढऱ्या कार्डाची कुटुंबे योजनेत आली हे न्याय्य आहे, कारण पांढरे कार्ड म्हणजे वर्षाला एक लाखाच्या वरचे उत्पन्न, आणि आजच्या दिवसांत एक लाखाच्या वर म्हणजे श्रीमंती नव्हे. परंतु त्याच खाटांसाठी आता मागणी करणारे वाढले, आणि त्यात ज्याला इंग्रजी येते, ज्याचा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, ज्याच्याकडे नगरसेवकाचा क्रमांक आहे, तो पुढे जातो. सर्वांसाठी खुल्या केलेल्या रांगेत सर्वांत मागे कोण उभे राहते याची नोंद ठेवली नाही, तर योजना ज्यांच्यासाठी सुरू झाली तेच तिच्यातून हळूहळू बाहेर पडतील. दर तिमाहीला जिल्हावार दावे कार्डाच्या रंगानुसार प्रसिद्ध केले तर हे घडते आहे की नाही, हे सर्वांनाच कळेल.

अंगीकृत खासगी रुग्णालय परवडले नाही तर सरकारी आहेच, असे उत्तर मिळते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात सरकारी रुग्णालयांतले उपचार निःशुल्क झाले, हे सर्वांनी वाचले. त्या निर्णयाची व्याप्ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरती होती. आमचे शहर ज्याला सिव्हिल म्हणते ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे, म्हणजेच ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. सोलापूरच नव्हे, तर धाराशिव, लातूर आणि कर्नाटकातल्या विजयपूर, कलबुर्गी भागातलेही रुग्ण ज्या दारात येतात, ते दारच त्या निर्णयात नव्हते. खात्यांची ही वाटणी मंत्रालयात अर्थपूर्ण असेल; केस पेपर काढायला उभ्या असलेल्या माणसाला तिचा अर्थ कसा समजावून सांगावा हे मला सुचलेले नाही.

उरलेल्या पर्यायांपैकी खासगी विम्याविषयी फार लिहीत नाही, कारण या घरांना तो जवळपास नाहीच. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के वस्तू व सेवा कर माफ झाला. हप्ता 12,000 रुपये धरला तर 2,160 रुपये वाचले, पण मुळातले 12,000 एकदम कोण भरणार? शिवाय ही माफी वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसींना आहे, समूह पॉलिसींना नाही. पूर्व भागातल्या बाईच्या हाती विमा आलाच तर तो बचत गटाच्या किंवा लहान कर्जाच्या जोडीने, समूह पॉलिसी म्हणूनच येतो. म्हणजे ज्याला हप्ता परवडत होता त्याचा कर गेला आणि जिच्या कर्जातून हप्ता कापला जातो तिचा राहिला. पॉलिसीआधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीनवर आणला गेला, वयाची कमाल अट निघाली, या चांगल्या गोष्टी आहेत. त्यांचा उपयोग पॉलिसी घेतलेल्याला. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा हाच आपला आरोग्य विमा आहे अशी समजूत मात्र घरोघर आहे, आणि तो केवळ अपघाती मृत्यू व अपंगत्वापुरता आहे, हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे, उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार आहे. हा पर्याय चांगला आहे, पण त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो, आणि दाखला आजारी पडण्याआधी काढून ठेवणारे घर मी पाहिलेले नाही.

एका पर्यायावर मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते सोलापूरच्या कामगाराला सर्वांत उपयोगी असलेला विमा तोच आहे आणि सुधारणांच्या चर्चेत त्याचे नावही निघत नाही. तो म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला तो लागू होतो. कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. 12,000 पगारावर कामगाराचे नव्वद रुपये आणि मालकाचे तीनशे नव्वद झाले. त्या 480 रुपयांत कुटुंबाला दवाखाना, रोजच्या गोळ्या, तपासण्या आणि दाखल होण्याची सोय मिळते, आणि ठरावीक दिवस वर्गणी भरली गेली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रोख भत्ता मिळतो. हा शेवटचा लाभ कोणत्याही पाच लाखांच्या कार्डात नाही. मागावरचा माणूस आजारी पडतो तेव्हा घर रुग्णालयाच्या बिलाइतकेच त्याच्या बुडालेल्या मजुरीने खचते. गिरण्यांच्या काळात हा विमा या शहरातल्या हजारो घरांच्या ओळखीचा होता. होटगी रोडचे कामगार विमा रुग्णालय त्याच काळाची आठवण आहे. गिरण्या गेल्या, माग लहान शेडांत विखुरले, एका घराच्या नावावर चार परवाने झाले, आणि प्रत्येक परवान्यावर दहापेक्षा कमी कामगार दाखवले की या विम्याचा कायदा लागू होत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता हा केंद्राचा नवा कामगार कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आला आहे. त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना स्वेच्छेने या विम्यात येण्याची वाट आहे. सोलापूरचा मालक स्वेच्छेने येईल असे मानायला मी तयार नाही. आपल्याकडच्या टॉवेलला परदेशी ग्राहक आहेत, वीज सवलत आणि वस्त्रोद्योग धोरणाचे लाभ मालक घेतात. त्या लाभांना कामगार विम्याची अट जोडली, तर ही स्वेच्छा लवकर उत्पन्न होईल.

विडी कामगार बायकांची स्थिती याहून विचित्र आहे. 1976 च्या कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण निधी उभा राहिला, विडीवरच्या उपकरातून दवाखाने चालले, घरांना आणि मुलांच्या शिक्षणाला मदत मिळाली. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. निधीचा स्वतःचा झरा आटला आणि दवाखाने सर्वसाधारण अर्थसंकल्पाच्या मर्जीवर आले. एकीकडे पाच लाखांचे कार्ड हातात ठेवायचे आणि दुसरीकडे जिथे तिला खोकल्याचे औषध मिळत होते त्या दवाखान्यामागचा पैसा काढून घ्यायचा, यातले पहिले जाहिरातीत दिसते, दुसरे दिसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या आपल्या सोसायटीच्या आणि ज्यांना प्रत पाठवली आहे त्यांच्या अधिकारात बसतील अशाच ठेवल्या आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही की मधुमेह, रक्तदाब आणि श्वासाचे जुनाट विकार या तिन्हींच्या बाह्यरुग्ण औषधांसाठी पाच लाखांतून कुटुंबामागे एक लहान रक्कम राखून ठेवावी आणि याचा प्रारंभ सोलापूर शहरात, विडी व यंत्रमाग कामगारांपासून करावा. 2012 मध्ये आमच्या जिल्ह्यावर योजनेचा प्रयोग करता आला, तर आता का नाही? त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. 2023 पासून राज्यभर उघडलेले ‘आपला दवाखाना’ केंद्र संध्याकाळी चालू असते, जी वेळ मागाच्या पाळीला सोयीची आहे. तिथून एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या तर दुकानातली वही बंद होईल. महापालिका आयुक्तांनी औषधांचा साठा संपला की तो दिवस आणि औषधाचे नाव दारावर लिहावे, म्हणजे माणसाचा रिक्षाचा खर्च वाचेल.

दुसरे, अंगीकृत रुग्णालयातल्या योजनेच्या रिकाम्या खाटांची संख्या रुग्णालयाच्या तोंडून न येता आपल्या प्रणालीतून, दिवसातून दोन वेळा, दर्शनी फलकावर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये दिसावी, आणि योजनेत घेतलेल्या रुग्णाकडून आदल्या चोवीस तासांत घेतलेली रोख रक्कम पहिल्या दाव्यातूनच वळती करून परत देण्याचा नियम करावा. आरोग्यमित्राचा पगार आणि बदली रुग्णालयाच्या मर्जीवर अवलंबून नाही, हे त्याच्या वागण्यातून दिसेल इतका आधार आपण त्याला द्यावा. रुग्ण घरी गेल्यावर पंधरवड्याने सोसायटीने स्वतः दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारावा: तुम्ही किती पैसे भरले? तक्रार करायला न धजणारी माणसे या प्रश्नाचे उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती अशी की नावांच्या आणि वयाच्या दुरुस्तीसाठी परिमंडळ कार्यालय, आधार केंद्र आणि आरोग्यमित्र यांना एका मांडवाखाली आणणारी शिबिरे पूर्व भागात, विडी घरकुलात आणि रे नगरात घ्यावीत, सुटीच्या दिवशी घ्यावीत, आणि तेलुगू वाचता येणारा एक माणूस तिथे बसवावा. वयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला आधार दुरुस्तीला ग्राह्य धरण्याबाबत संबंधित प्राधिकरणाकडे पाठपुरावा करावा. उत्पन्नाचे दाखलेही त्याच मांडवात दिले तर धर्मादाय खाटांचा मार्गही मोकळा होईल.

या पत्राची पोच आणि बाह्यरुग्ण औषधांच्या मागणीवर सोसायटीचा निर्णय, होकार असो वा नकार, कारणांसह मिळावा. नकार आलाच तर त्यात पाच लाखांच्या मर्यादेपैकी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने गेल्या वर्षी सरासरी किती रुपये वापरले, हा आकडा अवश्य द्यावा.

आपला विश्वासू,
पूर्व भागातील एक रहिवासी,
सोलापूर.